वाचक विचारतात : ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन, अंतर किती आणि वेळ किती?

उत्तर ध्रुवाकडच्या प्रवासाविषयी आलेल्या पत्रांमध्ये या वेळी एकाच मार्गाची चौकशी सर्वांत जास्त आहे. ट्रॉम्सो हे नॉर्वेच्या मुख्य भूमीवरचं शहर, आर्क्टिक वृत्ताच्याही सुमारे ३५० किलोमीटर उत्तरेला. लाँगइयरब्येन हे त्याच्याही पलीकडे, समुद्र ओलांडून, स्वालबार्ड द्वीपसमूहातलं मुख्य गाव. नियमित वेळापत्रकाची प्रवासी विमानं जिथे उतरतात अशा विमानतळांमध्ये जगात सर्वांत उत्तरेचा तो इथलाच. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न : ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन हवाई अंतर एका संकेतस्थळावर ९५८ किमी दिसतं, दुसरीकडे ९६१. आमच्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मोजलं तर ते मुंबई–दिल्लीच्या जवळजवळ तिप्पट भरतं. खरं कुठलं? — एक वाचक, डोंबिवली

दोन्ही आकडे बरोबर आहेत. चुकतोय तो नकाशा, आणि तो चुकणारच.

आधी तीन किलोमीटरचा फरक. पृथ्वी अगदी गोल चेंडूसारखी धरली तर अक्षांशाचा एक अंश सगळीकडे १११.२ किमी येतो. प्रत्यक्षात पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. त्यामुळे हाच अंश विषुववृत्तापाशी ११०.६ किमी भरतो आणि ध्रुवांकडे वाढत १११.७ किमीपर्यंत जातो. पहिल्या संकेतस्थळाने गोल पृथ्वी धरली, दुसऱ्याने चपटी. विमानाच्या वेळेत यामुळे पंधरा सेकंदांचाही फरक पडत नाही.

हिशोब घरी करून पाहायचा असेल तर कागद-पेन्सिल आणि साधं गणकयंत्र पुरे. ट्रॉम्सोचा विमानतळ ६९.६८ अंश उत्तर, १८.९२ अंश पूर्व. लाँगइयरब्येनचा ७८.२५ उत्तर, १५.४७ पूर्व. अक्षांशांतला फरक ८.५७ अंश, त्याला १११.२ ने गुणलं की ९५३ किमी. रेखांशांतला फरक ३.४५ अंश, पण तो थेट १११ ने गुणायचा नाही. रेखावृत्तं ध्रुवाकडे जाताना एकमेकांच्या जवळ येतात, म्हणून दोन ठिकाणांच्या मधला अक्षांश (इथे साधारण ७४) घ्यायचा आणि त्याच्या कोसाइनने, म्हणजे ०.२७६ ने, १११.२ ला गुणायचं. रेखांशाचा एक अंश तिथे जेमतेम ३०.७ किमी उरतो. ३.४५ अंशांचे झाले १०६ किमी. आता शाळेतला पायथागोरस : ९५३ चा वर्ग अधिक १०६ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. उत्तर ९५९ च्या आसपास येतं. एवढ्या कमी कष्टात एवढं जवळचं उत्तर मिळतं ते मार्ग जवळजवळ सरळ उत्तर-दक्षिण आहे म्हणून.

पूर्व-पश्चिम फरक मोठा असेल तर ही युक्ती साफ फसते. ट्रॉम्सोपासून अलास्काच्या उत्तर टोकावरचं उत्क्यागविक (जुनं नाव बॅरो) घ्या. या रीतीने अंतर साडेसहा हजार किमीच्या वर येईल. खरं अंतर ४,३३५ किमीच्या आसपास आहे, कारण सर्वांत जवळची वाट ध्रुवाला जवळपास चाटून जाते. अशा जोडीसाठी घरातल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजा. दोरा खोटं बोलत नाही.

आता भिंतीवरचा नकाशा. शाळा-कार्यालयांत लावलेले आणि मोबाइलवर दिसणारे अनेक नकाशे मर्केटर पद्धतीचे असतात. त्यांत दिशा आणि किनाऱ्याचे आकार नीट राहावेत म्हणून उत्तरेकडचा प्रदेश ताणलेला असतो. मुंबईच्या अक्षांशावर हा ताण जेमतेम सहा टक्के. ट्रॉम्सोपाशी तो २.९ पट, आणि लाँगइयरब्येनपाशी ४.९ पट. म्हणून तुम्हाला हे अंतर मुंबई–दिल्लीच्या २.८ ते २.९ पट भरलं; तुमची पट्टी अचूक चालली आहे. मुंबई–दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१४० किमी आहे, ट्रॉम्सो–लाँगइयरब्येन ९६० किमी. म्हणजे नकाशावर तिप्पट दिसणारा मार्ग प्रत्यक्षात १८० किमीने कमीच आहे. मोबाइलवरच्या नकाशात कोपऱ्यातली मोजपट्टी उत्तरेकडे सरकताना बदलते ती याचसाठी. दर वेळी ती नव्याने वाचायची.

प्रश्न : तिकिटावर १ तास ४० मिनिटं लिहिलं आहे. विमानाचा माग दाखवणाऱ्या ॲपवर मात्र उड्डाण १ तास २० मिनिटांतच संपतं. वीस मिनिटं जातात कुठे? — एक वाचक, नाशिक

तिकिटावरची वेळ हवेतली नसते. दाराशी लावलेला जिना निघून विमान हललं, तिथपासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर येऊन थांबलं, तिथपर्यंतची ती वेळ. विमान कंपन्या तिला ब्लॉक टाइम म्हणतात.

या मार्गावर बोइंग ७३७ च्या जातीचं विमान धरून हिशोब असा बसतो. अंतर ९६० किमी, म्हणजे ५१८ सागरी मैल (एक सागरी मैल १.८५२ किमी). वर चढायला साधारण वीस मिनिटं, त्यात ११० ते १२० मैल कापले जातात. खाली उतरायला बावीस-चोवीस मिनिटं, त्यातही तेवढेच मैल. मधले उरतात २८५-२९० मैल. ताशी ४५० मैलांच्या वेगाने त्यांना ३८ मिनिटं पुरतात. बेरीज १ तास २० मिनिटं. म्हणजे विमान सरळ एका उंचीवर, पूर्ण वेगात, एकूण उड्डाणाच्या निम्म्याहूनही कमी वेळ असतं. अंतराला ताशी ८५० किमीने भागून वेळ काढणाऱ्यांचं उत्तर चुकतं ते इथेच : त्यांना ६८ मिनिटं मिळतात.

वरची वीस मिनिटं जमिनीवरची. धावपट्टीपर्यंत जाणं, रांग, उतरल्यावर जागेवर येणं. हिवाळ्यात त्यात बर्फ काढणं येतं. पंखांवर पातळ हिमाचा थर असला तरी पंखाचा आकार बिघडतो आणि उचल कमी होते, म्हणून ग्लायकोल मिसळलेलं गरम पाणी मारून तो काढतात. बर्फ पडत असेल तर वर दुसरा, दाट थर देतात, म्हणजे नवा बर्फ चिकटत नाही. हा दुसरा थर ठरावीक वेळच काम करतो. तेवढ्यात उड्डाण झालं नाही तर विमान परत फवाऱ्याखाली. यात दहा-पंधरा मिनिटं सहज जातात आणि ती वेळापत्रकात नेहमी धरलेली नसतात.

वाऱ्याचा परिणाम लोकांना वाटतो त्याहून कमी असतो. समोरून ताशी ५० मैलांचा वारा आला तरी मधल्या टप्प्यात पाच मिनिटं वाढतात, चढताना-उतरताना आणखी थोडी. एवढ्या छोट्या मार्गावर उशीर होतो तो जमिनीवर, किंवा लाँगइयरब्येनच्या डोक्यावर.

प्रश्न : आमच्या ओळखीतल्या कुटुंबाचं विमान लाँगइयरब्येनवर दोनदा घिरट्या घालून परत ट्रॉम्सोला आलं. जवळ दुसरीकडे कुठे का उतरवलं नाही? इंधन संपलं असतं तर? — एक वाचक, कोल्हापूर

जवळ दुसरीकडे असं काही नाहीच. स्वालबार्डमध्ये जेट विमान उतरेल अशी धावपट्टी एकच, लाँगइयरब्येनची, साधारण अडीच किलोमीटर लांब. नी-ऑलेसुंड या संशोधकांच्या गावाची पट्टी खडीची आणि जेमतेम ८०० मीटर. वाटेत अर्ध्यावर बेअर बेट लागतं. तिथे हवामान केंद्र आहे, विमानतळ नाही. म्हणून या मार्गावर पर्यायी विमानतळ म्हणजे मुख्य भूमीवर परत : ट्रॉम्सो, आल्टा किंवा एव्हेनेस.

इंधनाची काळजी करू नका, कारण परतीचं इंधन पहिल्यापासून टाकीत असतं. बोइंग ७३७-८०० साठी ढोबळ आकडे असे : जायला साडेतीन ते चार टन, त्यावर अनपेक्षित खर्चासाठी पाच टक्के, पर्यायी विमानतळापर्यंत पुन्हा साडेतीन-चार टन, आणि शेवटी अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढा, टनाहून थोडा जास्त, राखीव साठा. हा शेवटचा साठा धरून कुणी बेत आखत नाही. एकूण नऊ टनांच्या आसपास. टाकी वीस टनांची असल्याने जागेचा प्रश्न येत नाही.

याचा अर्थ असा की लाँगइयरब्येनच्या वर पोचल्यावर वैमानिकाकडे वेळ मोजकाच असतो. वीस मिनिटं थांबायचं तर पाऊण टनाहून जास्त इंधन जातं. जास्तीचं घेतलं असेल तर एक प्रयत्न, फार तर दुसरा, आणि ठरलेल्या आकड्याला इंधन आलं की नाक दक्षिणेकडे. त्या कुटुंबाला तीन तासांहून जास्त वेळ हवेत काढून निघाल्या जागी यावं लागलं, हे कंटाळवाणं खरं. पण वैमानिकाने नेमकं करायला हवं ते केलं.

उतरता न येण्याची कारणं ठरलेली आहेत. विमानतळ इसफ्योर्ड खाडीच्या काठावर, डोंगरांच्या कुशीत आहे. ढग खाली आले की डोंगर दिसत नाहीत, आणि धावपट्टी दिसण्याआधी किती खाली यायचं याची मर्यादा डोंगरांमुळे वरच राहते. आडवा वारा हे दुसरं कारण. २९ ऑगस्ट १९९६ रोजी मॉस्कोहून आलेलं तुपोलेव-१५४ विमान इथे उतरण्याच्या तयारीत असताना ऑपेराफ्येलेट डोंगरावर आदळलं आणि आतले सर्व १४१ जण गेले. विमान ठरलेल्या रेषेवरून सरकलं होतं. इथला वैमानिक ढगाळ दिवशी फार ताणत नाही, त्याला हे आठवत असतं.

तिसरं कारण गेल्या काही वर्षांत वाढलंय : हिवाळ्यातला पाऊस. गोठलेल्या जमिनीवर पाऊस पडला की धावपट्टीवर काचेसारखा बर्फ तयार होतो आणि चाकांची पकड जाते. शिवाय ही पट्टी १९७५ मध्ये कायम गोठलेल्या जमिनीवर बांधलेली. खालचा थर वितळला की पृष्ठभाग खचतो आणि लाटा तयार होतात. तिची दुरुस्ती पुन:पुन्हा करावी लागते.

बेत आखताना काय करावं? स्वालबार्डला जाताना आणि येताना, दोन्ही वेळा एक रात्र मोकळी ठेवा. भारतात परतण्याचं विमान लाँगइयरब्येनहून निघाल्याच्या त्याच दिवशी ऑस्लोहून घेऊ नका. सगळे टप्पे एकाच तिकिटावर असतील तर पुढचं विमान चुकल्यावर जबाबदारी कंपनीची राहते. वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडली तर ती तुमची.

प्रश्न : स्वालबार्डला व्हिसा लागत नाही असं वाचलं. मग शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेशाचा घेतला तर चालेल ना? — एक वाचक, पुणे

नाही. भारतीय पारपत्रावर जाणाऱ्यांची सर्वांत महाग चूक हीच.

स्वालबार्डला खरोखरच व्हिसा लागत नाही. १९२० च्या स्वालबार्ड करारानुसार तिथलं सार्वभौमत्व नॉर्वेकडे आहे, पण करारातल्या देशांच्या नागरिकांना तिथे जाण्या-राहण्याची समान मुभा आहे. ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारतही त्या करारात पहिल्यापासून आहे. अडचण वेगळी आहे : नॉर्वे शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या क्षेत्रात) आहे, स्वालबार्ड नाही. ट्रॉम्सोहून विमानात बसलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात. परत आलात की तो दुसरा प्रवेश. एकदाच प्रवेशाचा व्हिसा पहिल्यांदा ऑस्लोला उतरतानाच खर्ची पडलेला असतो. मग लाँगइयरब्येनहून निघताना विमानात बसूच दिलं जाणार नाही, आणि तिथून नॉर्वेला न टेकता भारतात येणारं विमान नाही.

अर्जात "किती वेळा प्रवेश" या रकान्यात दोन किंवा अनेक निवडा. सोबतच्या पत्रात तारखांसकट लिहा : अमुक दिवशी मुख्य भूमीवर, अमुक ते अमुक स्वालबार्डमध्ये, अमुक दिवशी पुन्हा मुख्य भूमीवर. लाँगइयरब्येनचं जाण्या-येण्याचं आरक्षण जोडा. व्हिसा हातात आल्यावर घरी जायच्या आधी त्यावरचा प्रवेशांचा आकडा वाचा. तिथे ०१ छापलं असेल तर दुरुस्ती त्याच वेळी मागायची, ट्रॉम्सोच्या काउंटरवर काही होत नाही.

स्वालबार्डमधले दिवस शेंगेनच्या १८० दिवसांतल्या ९० मध्ये मोजले जात नाहीत, पण त्यासाठी बाहेर पडल्याची नोंद व्हायला हवी. पूर्वी शिक्का असायचा, ऑक्टोबर २०२५ पासून त्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन संगणकात नोंद करण्याची पद्धत सुरू झाली आहे. ऑस्लोहून ट्रॉम्सोमार्गे जाणारं विमान एकच असलं तरी ट्रॉम्सोला सगळ्यांना खाली उतरून पारपत्र तपासणीतून जावं लागतं. हातातलं सामान आणि पारपत्र घेऊनच उतरा. परतताना बॅगेच्या चिठ्ठीवर शेवटचं ठिकाण कोणतं छापलंय ते काउंटरवरच वाचा. स्वालबार्ड नॉर्वेच्या जकात क्षेत्राबाहेर आहे, त्यामुळे वाटेत बॅग घेऊन जकातीतून जावं लागेल का, हे तिथेच विचारून घ्या.

आणखी एक : प्रवासविम्यात "शेंगेन देश" एवढंच लिहिलं असेल तर स्वालबार्ड त्यात येत नाही. नाव वेगळं घालून घ्या, आणि रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते पाहा. लाँगइयरब्येनचं रुग्णालय लहान आहे. गंभीर रुग्णाला ट्रॉम्सोलाच नेतात, म्हणजे पुन्हा तेच ९६० किमी.

प्रश्न : गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राची माणसं 'हिमाद्री'ला जातात, तो पुढचा टप्पा किती लांब? तिथे पर्यटक म्हणून जाता येईल का? — एक विद्यार्थिनी, मडगाव

'हिमाद्री' हे भारताचं आर्क्टिकमधलं संशोधन स्थानक जुलै २००८ मध्ये नी-ऑलेसुंड इथे सुरू झालं. त्याचं काम वास्कोतल्या केंद्रातून चालतं. डिसेंबर २०२३ पासून हिवाळ्यातल्या मोहिमाही सुरू झाल्या.

लाँगइयरब्येन ते नी-ऑलेसुंड हवाई अंतर ११० किमी. वरचीच रीत वापरून पाहा : अक्षांशांत फरक ०.६८ अंश, म्हणजे ७६ किमी, रेखांशांत ३.५९ अंश. ट्रॉम्सो–लाँगइयरब्येनमध्ये ३.४५ अंशांचे १०६ किमी झाले होते, इथे त्याहून जास्त अंशांचे फक्त ७९. चार-पाच अंश उत्तरेला सरकल्यावर रेखावृत्तं एवढी आवळतात.

उड्डाणाला सुमारे पंचवीस मिनिटं लागतात. विमान डॉर्नियर २२८, दोन पंख्यांचं, आखूड धावपट्टीवर उतरणारं. हेच विमान परवान्याने कानपूरला एचएएल बनवते आणि आपलं तटरक्षक दल वापरतं. ते ताशी ४०० किमीपर्यंत जाऊ शकतं, पण चढ-उतारातच निम्मा वेळ जात असल्याने सरासरी २६५ च्या आसपास पडते. आत हवेचा दाब राखलेला नसतो, म्हणून ते खालून उडतं; सर्दीने कान बंद असतील तर उतरताना दुखतात. प्रवाशांचं आणि सामानाचं वजन काटेकोर धरलं जातं. उपकरणांच्या जड पेट्या त्यामुळे आधीच जहाजाने पाठवलेल्या बऱ्या.

दोन गावांमध्ये रस्ता नाही. या विमानातल्या जागा गावाची व्यवस्था पाहणाऱ्या किंग्ज बे या नॉर्वेच्या सरकारी कंपनीमार्फत, संस्थेच्या नावाने मिळतात. पर्यटक उन्हाळ्यात जहाजाने येतात आणि काही तासांत परततात. जाणार असाल तर मोबाइलचं वाय-फाय आणि ब्लूटूथ आधीच बंद करा. तिथली रेडिओ दुर्बीण दूरच्या आकाशस्थ स्रोतांचे अतिशय क्षीण संकेत टिपते, म्हणून गावाभोवती वीस किमीपर्यंत अशा लहरींना मनाई आहे.

प्रश्न : ट्रॉम्सो आणि लाँगइयरब्येनच्या घड्याळांत फरक आहे का? — एक वाचक, ठाणे

नाही. दोन्हीकडे नॉर्वेचीच वेळ. भारतापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन तास मागे. तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी केली की सरळ प्रवासाचा वेळ मिळतो.

प्रश्न : जाताना खिडकी कोणत्या बाजूची घ्यावी? — एक वाचक, सोलापूर

उजवीकडची, थोड्याशा फरकाने. अर्ध्या वाटेवर बेअर बेट मार्गाच्या पूर्वेला, साधारण ४५-५० किमीवर येतं. ढग नसतील तर निघाल्यापासून चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी पाहा. तिथे धुकं फार असतं, त्यामुळे आशा बेताची ठेवा. पुढे स्पिट्सबर्गेनचं (स्वालबार्डमधल्या सर्वांत मोठ्या बेटाचं) दक्षिण टोक आलं की दोन्ही बाजूंना हिमनद्या दिसतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत तिथे दुपारीही अंधारच असतो, तेव्हा जागेसाठी जादा पैसे भरू नका. २० एप्रिल ते २२ ऑगस्टच्या दरम्यान सूर्य मावळतच नाही, रात्रीच्या विमानातूनही सगळं दिसतं.